पंचवीस हजारांतले घरगुती ध्वनिमुद्रण : आधी खोली, मग माइक

घरी गाणे मुद्रित करायचे मनात आले की बहुतेकांची पहिली खरेदी मायक्रोफोनची असते, आणि पैसे वाया जाण्याची सुरुवातही तिथेच होते. मी स्वतः तेच केले. माइक, टेबलाला अडकवायची घडीची दांडी, स्पंजची टोपी आणि लॅपटॉपला लावायची बारीक पिन असा एक स्वस्त संच मी मागवला, मावशीला समोर बसवले आणि एक अभंग मुद्रित केला. ऐकायला बसलो तेव्हा अभंगाच्या खाली पंख्याची घरघर होती, तिच्याखाली चार्जरची गुणगुण होती आणि तिसऱ्या कडव्याच्या तोंडावर खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी इतकी स्वच्छ उतरली होती की तिचा स्वर पेटीवर लावून बघता आला. मावशी म्हणाली, "गाणं जरा मागे ठेव, शिट्टी छान आलीय."

दोष माइकचा थोडा आणि माझा फार होता. माइकपुढे जे असेल तेच तो उचलतो. म्हणून ज्या क्रमाने आपण खर्च करतो तो उलटा करावा, म्हणजे आधी वेळ आणि खोली ठरवावी, मग इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि हेडफोन घ्यावेत आणि माइक सर्वांत शेवटी निवडावा, असे माझे मत झाले आहे. पुढची मांडणी पुण्यातल्या साध्या एक-दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या, घरात आधीच बऱ्यापैकी लॅपटॉप असलेल्या आणि गळा, पेटी, तबला किंवा गिटार मुद्रित करू पाहणाऱ्या नवशिक्यासाठी आहे. खर्चाची मर्यादा मी २५,००० रुपये धरली आहे.

शांततेची वही

काहीही विकत घेण्यापूर्वी आठवडाभर फक्त फोन वापरावा. घरातल्या प्रत्येक खोलीत पंखा बंद करून, खिडक्या लावून, फोनच्या रेकॉर्डरवर एक-एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी आणि हेच पहाटे पाच, सकाळी दहा, दुपारी दोन व रात्री दहा या वेळांना करावे. मग हेडफोन लावून, आवाजाची पातळी न बदलता, सगळे तुकडे एकापाठोपाठ ऐकावेत आणि काय ऐकू आले ते वहीत लिहावे. फ्रिजची मोटर, सोसायटीचा पाण्याचा पंप, लिफ्टचे दार, खिडकीच्या जाळीवरची कबुतरे, रस्त्यावर उलट्या येणाऱ्या गाडीची शीळ हे आवाज रोज कानावर पडतात म्हणूनच आपल्याला ऐकू येत नाहीत; माइकला ती सवय नसते.

माझ्या वहीत दुपारी एक ते चार ही वेळ अव्वल ठरली. दुकाने बंद ठेवण्यावरून पेठांची जी थट्टा पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, तिचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते; पण जुन्या वस्तीत त्या तीन तासांत आजही जिना, बोळ आणि स्वयंपाकघर ही तिन्ही ठिकाणे शांत असतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पंखा बंद करून दुपारी गाणे ही शिक्षा आहे, तेव्हा पहाट धरावी. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडवर पडणारे पाणी आणि सैलावणारी तबल्याची पुडी या दोन अडचणी येतात, आणि गणेशोत्सवाच्या आधीचे महिना-दीड महिना संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो. ढोलाचा खर्ज काचेच्या खिडकीने अडत नाही, त्यामुळे नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी त्या काळात संध्याकाळचे मुद्रण ठेवूच नये. गुरुवार हा आपल्याकडे बहुधा दुरुस्तीचा वार असल्याने वीज जाण्याची शक्यता लक्षात ठेवावी. बाकी डिसेंबर-जानेवारीइतका चांगला काळ नाही, कारण पंख्याची गरजच नसते.

वेळ ठरली की खोली निवडावी. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवावी. टाळीनंतर भिंतींमध्ये पत्र्यासारखी थरथर ऐकू आली तर त्या समोरासमोरच्या भिंती उघड्या आहेत असे समजावे. मोकळा हॉल मोठा असला तरी फरशी, काच आणि गुळगुळीत रंग यांमुळे तो गाण्यासाठी वाईट असतो, उलट गादी, उशा आणि कपड्यांनी भरलेले कपाट असलेली झोपायची खोली आधीच अर्धी तयार असते. अगदी चौरस खोली शक्यतो टाळावी. १० फूट बाय १० फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे सेकंदाला साधारण ५६ कंपनांचा, म्हणजे ५६ हर्ट्‌झचा स्वर आणि त्याच्या पटी फुगतात. लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांचे फुगवटे एकाच जागी येतात आणि तबल्याच्या डग्ग्याचा एखादाच बोल उगाच घुमतो.

आता खोलीवर करायचे काम. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे म्हणजे आवाज अडवणे, आणि आतला आवाज भिंतीवरून परतू न देणे म्हणजे आवाज शोषणे. अडवण्यासाठी वजन लागते, जाड भिंत लागते, हवाबंद दार लागते. ते २५,००० रुपयांत होत नाही आणि भाड्याच्या घरात तर नाहीच. फार तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून रबराची पट्टी आणून दाराच्या आणि सरकत्या खिडकीच्या फटी बुजवाव्यात, कारण जिथून हवा येते तिथून आवाजही येतो. शोषण्याचे काम मात्र घरातल्या वस्तूंनी उत्तम होते. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची जुनी समजूत सोडून द्यावी. त्या पातळ पुठ्ठ्याने फारसे काही शोषले जात नाही. बाजारात मिळणारा एक इंची टोकदार फोमही फक्त वरचे स्वर खातो. कारण सोपे आहे: ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे १,००० हर्ट्‌झच्या स्वराच्या लाटेची लांबी ३४ सेंटिमीटर आणि १०० हर्ट्‌झच्या स्वराची जवळजवळ साडेतीन मीटर. इतक्या लांब लाटेला एक इंचाचा स्पंज कळतही नाही. तो चारही भिंतींवर लावला की खोली वरून मेलेली आणि खालून घुमणारी होते आणि गळा घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतो.

त्यापेक्षा कापसाची जुनी गादी भिंतीला उभी टेकवावी, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन जाड गोधड्या दुहेरी घड्या करून टाकाव्यात, खाली सतरंजी अंथरावी आणि कपाटाचे दार उघडे ठेवावे. गोधडी भिंतीला चिकटवून न लावता वीतभर पुढे ठेवली तर तिचा परिणाम वाढतो. जागेबाबत एक गोष्ट सहसा चुकते. माइकच्या मागे गोधडी लावण्याकडे सर्वांचा कल असतो, पण एका दिशेने ऐकणारा माइक गायकाकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याला दिसते ती गायकाच्या पाठीमागची भिंत. पहिली गोधडी तिथे, गायकाच्या पाठीशी हवी. दुसरी बाजूच्या उघड्या भिंतीवर. पुढे हौस वाढली तर भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून लाकडी पट्ट्या आणून २ फूट बाय ४ फुटांच्या चौकटी कराव्यात, त्यांत दोन ते चार इंच जाडीची रॉकवूल (दगडी धाग्यांची लोकर) भरून वरून सुती कापड ताणून लावावे. ते काम मोजे आणि मास्क घालूनच करावे, कारण त्या धाग्यांनी हाताला दिवसभर खाज सुटते.

पैशांची वाटणी

भाव दर काही महिन्यांनी हलतात, तेव्हा पुढचे आकडे अंदाजपत्रकाचे समजावेत. इंटरफेसला ९,०००, माइकला ५,०००, हेडफोनला ४,५००, माइकच्या स्टँडला १,२००, वायरींना १,३०० आणि खोलीसाठी २,००० असे २३,००० रुपये होतात. उरलेले दोन हजार राखून ठेवावेत, कारण पहिल्या महिन्यात एखादी वायर किंवा अॅडॉप्टर कमी पडतोच. स्पीकर मी मुद्दाम धरलेले नाहीत. या खर्चात येणारे छोटे स्पीकर न सुधारलेल्या खोलीत खरे बोलत नाहीत, आणि बंद कपांचा बरा हेडफोन मुद्रणाला आणि मिश्रणाला (वेगवेगळे ट्रॅक तोलून एकत्र करण्याला) दोन्हीकडे चालतो.

इंटरफेस म्हणजे माइकचा क्षीण विद्युत-संकेत वाढवून त्याचे आकड्यांत रूपांतर करणारी आणि ते आकडे यूएसबीने लॅपटॉपला देणारी डबी. बेहरिंगर, फोकसराइट, एम-ऑडिओ, ऑडियंट या कंपन्यांच्या लहान डब्या सहज मिळतात. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: माइकसाठी तीन पिनांची एक्सएलआर जागा एकच आहे की दोन, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला वायरीतूनच मिळणारी वीज) आहे का, आणि थेट मॉनिटरिंगचे (गायकाचा आवाज लॅपटॉपमधून न फिरवता हेडफोनमध्ये ऐकवणारे) बटण आहे का. एकच जागा असलेली डबी दोन-तीन हजारांनी स्वस्त पडते, पण गळा आणि तबला एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे झाले की ती बदलावी लागते, म्हणून मी दोन जागांचाच आग्रह धरतो. ज्याला फक्त एकट्याने बोलायचे किंवा गायचे आहे त्याने थेट यूएसबीवर चालणारा माइक घेतला तरी बिघडत नाही. मात्र असे दोन माइक एकाच लॅपटॉपवर एकत्र चालवणे त्रासाचे असते.

माझ्या त्या पहिल्या संचाचे गणित आता सांगता येते. त्यातला माइक कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या जातीचा होता. अशा माइकला वीज लागते आणि ती ४८ व्होल्टची फँटम पॉवर एक्सएलआर वायरीतूनच जाते. लॅपटॉपच्या बारीक पिनेतून त्याला जेमतेम काही व्होल्ट मिळतात. मग माइक अर्धपोटी काम करतो, आवाज बारीक येतो, तो वाढवला की फुसफुस वाढते, आणि नवशिक्याला वाटते की आपला गळाच वाईट आहे.

माइक कंडेन्सर घ्यावा की डायनॅमिक (विजेशिवाय चालणारा, कमी संवेदनशील), या प्रश्नावर स्टुडिओतले लोक कंडेन्सरकडे झुकतात आणि त्यांचे त्यांच्या खोलीपुरते बरोबर आहे. कंडेन्सरमध्ये श्वास, स्वराची किनार, मींडेतले बारकावे अधिक उतरतात. पण रस्त्यालगतच्या सदनिकेत मी पहिला माइक डायनॅमिकच सुचवीन. "डायनॅमिक माइक लांबचे ऐकत नाही" असे जे सांगितले जाते ते मात्र तितकेसे खरे नाही. तो कमी संवेदनशील असतो म्हणून आपण तोंडाजवळ धरतो, आणि फायदा होतो तो त्या जवळिकीचा. अंतर निम्मे केले की गळ्याचा आवाज ६ डेसिबलने वाढतो. २० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरवर आलो तर अंतर दोनदा निम्मे झाले, म्हणजे गळा १२ डेसिबलने वर आला. रस्ता मात्र होता तिथेच राहिला. शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक याच तत्त्वावर जगभरच्या मंचांवर टिकून आहे. तो आपल्या पाच हजारांत बसत नाही, पण त्याच पद्धतीचे इतर कंपन्यांचे माइक त्याहून बरेच स्वस्त मिळतात. त्याच्या नकला मात्र बाजारात फार आहेत. हुबेहूब जाळी, हुबेहूब खोका, आत भलतेच. माइक अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावा.

स्टँडच्या बाबतीत उलट सांगेन. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात लोखंडी बैठकीचा जड स्टँड नजरेस पडला तर नव्या हलक्या स्टँडपेक्षा तो घ्यावा. गंज घासून काढता येतो, डुगडुगणे काढता येत नाही. वायरी आणि कनेक्टर यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. ज्याला डाग देता (सोल्डरिंग करता) येतो त्याने तिथून शिल्डेड (जाळीचे आवरण असलेली) दुपदरी वायर मीटरवर आणि एक्सएलआरचे नर-मादी कनेक्टर सुटे आणून वायर घरी बनवावी. तीन पिनांपैकी पहिली शिल्डची, दुसरी आणि तिसरी एकाच संकेताच्या उलटसुलट प्रतींची असते. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींत सारखाच येतो आणि इंटरफेस त्या दोघींतला फरक घेत असल्याने तो वजा होतो. मी एकदा दुसरी आणि तिसरी पिन एका टोकाला अदलाबदल करून जोडली होती. एकटी वायर ठीक चालली. दोन माइक एकत्र लावल्यावर पेटीचा खर्ज गायब झाला आणि कारण सापडायला एक रविवार गेला.

प, फ, ब, भ या वर्णांचा फुंकर माइकवर आदळतो त्यासाठी गाळणी लागते. भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बसवला आणि रिंग तारेने स्टँडला बांधली की ती तयार होते. तपासायला "भाऊ पापड भाजतो" हे वाक्य चारदा जोरात म्हणावे.

जोडणी आणि पातळी

लॅपटॉप, इंटरफेस आणि दिवा हे सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावरून घ्यावे. दोन वेगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असला तरी ५० हर्ट्‌झची आणि तिच्या पटीतली घूं ऐकू येते. ती आलीच तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. निम्म्या वेळा गुन्हेगार तोच असतो. त्यानंतर दिव्याचा डिमर बंद करावा. अर्थिंगची पिन मोडून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. त्याने घूं जाते आणि जीवही जाऊ शकतो.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने नेणारे जोड-सॉफ्टवेअर) बसवावा, मॅकवर सहसा काही बसवावे लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पल रेट (सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या) ४८,००० किंवा ४४,१०० आणि बिट डेप्थ (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा ते) २४ बिट ठेवावी. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि त्याच्या दुपटीहून थोडा अधिक रेट पुरतो, म्हणून ९६,००० च्या मोहात पडून नवशिक्याने डिस्क भरू नये. २४ बिटचा आग्रह मात्र सोडू नये. प्रत्येक बिटामागे साधारण ६ डेसिबलची मजल मिळते, म्हणजे १६ बिटला ९६ आणि २४ बिटला तत्त्वतः १४४. या ऐसपैस जागेमुळे पातळी काठोकाठ भरण्याची गरज उरत नाही.

फँटम पॉवर लागणार असेल तर हेडफोनचा आवाज शून्यावर आणून, माइक जोडल्यानंतरच ती सुरू करावी. मग गायकाला सर्वांत जोरकस ओळ म्हणायला सांगावी, पहिली गुणगुण नव्हे, कारण नमुना म्हणताना सगळे हळू गातात आणि मुद्रण सुरू झाल्यावर तार षड्‌जावर लाल दिवा पेटतो. सर्वांत मोठी उसळी उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (माइकचा संकेत वाढवण्याचे प्रमाण) लावावा. शून्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो आणि तो नंतर कशानेही परत येत नाही.

एक अडचण पहिल्याच दिवशी येते. गायक हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकतो आणि तो किंचित उशिरा येतो. लॅपटॉप आवाजाचे तुकडे बफरमध्ये साठवून पुढे पाठवतो. बफर ५१२ सॅम्पलचा असेल तर ४४,१०० च्या रेटला एका दिशेने सुमारे १२ मिलिसेकंद जातात, आणि जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. साथीदार चार मीटरवर बसला तरी त्याचा आवाज १२ मिलिसेकंदांनी येतो आणि तो कोणाला खटकत नाही, पण स्वतःचाच गळा उशिरा ऐकू आला की तान अडखळते. उपाय म्हणून मुद्रणाच्या वेळी बफर १२८ वर आणावा, किंवा इंटरफेसवरचे थेट मॉनिटरिंग सुरू करून सॉफ्टवेअरमधला तोच ट्रॅक ऐकण्यापुरता बंद करावा. मिश्रण करताना बफर पुन्हा ५१२ किंवा १,०२४ करावा, म्हणजे लॅपटॉपला दम लागत नाही.

गळा, पेटी, तबला

गळ्यासाठी डायनॅमिक माइक चार बोटांवर आणि कंडेन्सर एक वितीवर ठेवावा, तोही ओठांच्या अगदी समोर नव्हे, तर किंचित बाजूला किंवा नाकाच्या उंचीवर, तोंडाकडे वळवून. जवळच्या माइकमध्ये खर्ज फुगतो; बोलक्या भावगीताला ते उबदार वाटते, पण मंद्र सप्तकातल्या आलापाला फुगवटा येतो, तेव्हा तिथे दोन बोटे मागे सरकावे. मंचावर गाणाऱ्यांना डोके हलवण्याची सवय असते. त्यांना बोलून उपयोग होत नाही. बैठक पाटावर द्यावी आणि पाटाची जागा खडूने आखावी.

पेटीचा आवाज वरच्या बाजूने निघतो आणि भात्याचा श्वास मागून. माइक पट्ट्यांच्या वर दीड-दोन फुटांवर, भात्यापासून तिरका धरावा. फार जवळ गेल्यास पट्ट्यांची खटखट सुरांवर चढते. भाता किरकिरत असेल तर मुद्रणाच्या आदल्या दिवशीच पेटी दुरुस्तीवाल्याकडे न्यावी, कारण ती किरकिर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. तबल्याला एकच माइक असेल तर तो दोन्हींच्या मधोमध, वादकाच्या समोरून दीड फुटावर, हाताच्या हालचालीच्या वर ठेवावा, आणि डग्ग्याचा घुमारा व चाटीचा कडक नाद यांचा तोल फक्त माइक इंच-दोन इंच सरकवून साधावा. हे काम बटणांनी होत नाही. १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण येईपर्यंत गवई आणि साथीदारांना कर्ण्यापासून कमी-अधिक अंतरावर बसवूनच सगळा समतोल राखला जाई. एका माइकपुढे भजनी मंडळी बसवताना मी अजून तसेच करतो. टाळ सर्वांत मागे, अगदी दाराशी.

दोन माइक असतील तेव्हा त्यांच्यातले अंतर हे माइक आणि त्याचा स्रोत यांच्या अंतराच्या निदान तिप्पट असावे, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून स्वर पोकळ होत नाही. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकची पाठ जवळजवळ बहिरी असते, ती पाठ तबल्याकडे करावी. तानपुरा अॅपवरून घेणार असाल तर तो फोनच्या स्पीकरवर न वाजवता हेडफोनमध्ये द्यावा आणि त्याची वेगळी फाइल ट्रॅकवर टाकावी. त्याआधी अॅप पेटीशी जुळवावे. पेटीची काळी एक ट्यूनरवर हलकीशी चढी किंवा उतरलेली सापडते, आणि पेटीचे सूर ऐन वेळी बदलता येत नसल्याने नमते अॅपनेच घ्यायचे असते.

सॉफ्टवेअर, मिश्रण आणि साठवण

सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला काही खर्चू नये. मॅकवर गॅरेजबँड येतेच. विंडोजवर ऑडॅसिटी विनामूल्य आहे, पण थरावर थर चढवून काम करायचे तर रीपर अधिक सोयीचे पडते. ते ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते आणि त्यानंतर व्यक्तिगत वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. ही सारी सॉफ्टवेअर पाश्चात्त्य मात्रामापनावर बेतलेली असल्याने ताल बसवताना थोडे भाषांतर करावे लागते. तीनतालाला ४/४ चे चार बार म्हणजे १६ मात्रा, केरव्याला तेच दोन बार, दादऱ्याला ६/८ किंवा ३/४, झपतालाला ५/४ चे दोन बार आणि रूपकाला सरळ ७/४. मेट्रोनोमची टिकटिक समेवर ठळक पडते, पण रूपकात सम खालीच्या (टाळीऐवजी मोकळ्या हाताने दाखवायच्या) मात्रेवर येत असल्याने ती ठळक टिकटिक वादकाला खटकते. तिथे मेट्रोनोम बंद करून ठेक्याचाच ट्रॅक आधी मुद्रित करावा. विलंबित ख्यालाला मेट्रोनोम लावूच नये.

मिश्रणात नवशिक्याने तीन गोष्टींवर थांबावे. गळ्याच्या ट्रॅकवरून ८० हर्ट्‌झच्या खालचे सगळे काढावे, म्हणजे रस्त्याची गुरगुर आणि स्टँडचे धक्के जातात. तोच फिल्टर डग्ग्याला लावला तर डग्गा उरत नाही. कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणारे साधन) ३:१ च्या पुढे नेऊ नये, कारण ख्याल-ठुमरीतले लहान-मोठे हाच तर गाण्याचा अर्थ असतो. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) ऐकू येईपर्यंत वाढवावा आणि मग ऐकू येईनासा होईपर्यंत कमी करावा. तो बंद केल्यावर उणीव भासली म्हणजे प्रमाण बरोबर आहे.

तयार गाणे हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर आणि जमल्यास कोणाच्या तरी गाडीत ऐकून पाहावे. स्पॉटिफाय आणि यूट्यूब जोरात केलेली गाणी आपणहून उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) आसपास उतरवतात, त्यामुळे इतरांइतके मोठे करण्याच्या नादात लिमिटर (उसळ्या दाबणारे साधन) पिळण्याला अर्थ नाही. मूळ प्रत २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये ठेवावी आणि नातेवाइकांसाठी ३२० केबीपीएसची एमपी३ काढावी. व्हॉट्‌सअॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर आहे तशी पोहोचते. ४८,००० च्या रेटला २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी खातो, म्हणजे चार ट्रॅकांची तासाभराची बैठक दोन जीबीच्या थोडी वर जाते. सगळ्या ट्रॅकांना पहिल्याच दिवशी "गळा", "पेटी", "डग्गा" अशी नावे द्यावीत, फोल्डरला तारीख आणि रागाचे नाव द्यावे आणि बाहेरच्या डिस्कवर त्याच रात्री दुसरी प्रत करावी. मावशीचा तो पहिला अभंग मी शिट्टीसकट ठेवला आहे. नवा माइक तपासताना आधी तोच लावतो.